डावा सात, उजवा आठ

नीरा टिपणीस माणसं चेहऱ्यावरून ओळखत नाही, पायांवरून ओळखते. लग्नाच्या मांडवात एखादी बाई तोंडभर हसून म्हणते, "काय नीराबेन, ओळखलं का?" आणि नीरा हळूच खाली बघते. रुंद पंजा, अंगठ्याशी हाड वर आलेलं, डाव्या टाचेला भेग. की लगेच, "अगंबाई, तुम्ही! मुलाचे शाळेचे बूट टिकले का?" समोरची बाई खूश. घरचे या सवयीवरून तिची यथेच्छ टिंगल करतात. पण याच सवयीने एकदा तिची नोकरी वाचवली. ती जायची वेळ कुणामुळे आली होती म्हणाल, तर तीही नीरामुळेच.

नीरा बूट विकायला लागली ती काही हौसेने नव्हे. तिचा नवरा उन्मेष एका रसायनांच्या कंपनीत चौदा वर्षं प्रयोगशाळेत होता. पंच्याण्णव साली कंपनीने तो विभागच बंद केला आणि सगळ्यांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचा कागद ठेवला. स्वेच्छा कसली, सही करा नाहीतर सुरतेला चला, असा तो मामला होता. उन्मेषने सही केली आणि बडोद्यात गोत्रीच्या घरात रसायनशास्त्राच्या शिकवण्या सुरू केल्या. शिकवण्यांचं गणित असं की मार्चपर्यंत घरात बसायला जागा नाही आणि एप्रिलमध्ये चिटपाखरू नाही. त्याच सुमारास सयाजीगंजात 'ऐरावत शूज'ची शाखा निघाली. देशभर सत्तावीस शाखा, काचेचं दार, आत गारेगार हवा, आणि विकायला फक्त बूट-चपला. दारावर 'सेल्स स्टाफ पाहिजे' अशी पाटी होती. नीरा बस चुकली म्हणून तिथे उभी होती, ती आत गेली.

शाखेचे मॅनेजर हंबीरराव. भरघोस मिशा, आवाज त्याहून भरघोस, मूळचे बडोद्याचेच. त्यांनी तिचं पदवीचं प्रमाणपत्र बाजूला ठेवलं आणि एकच प्रश्न विचारला, "बाई, दिवसभर लोकांचे पाय हातात घ्यावे लागतील. चालेल?"

"चालेल," नीरा म्हणाली. घरी काय सांगायचं याचा विचार तिने बसमध्ये बसल्यावर केला.

घरी सासूबाई होत्या. दुर्गाबाई टिपणीस, वय सत्तर, कणा ताठ. त्यांचे सासरे संस्थानात हुजूर कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांची पगडी अजून बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात आहे आणि दर दसऱ्याला बाहेर काढून पुसली जाते. संस्थान जाऊन पन्नास वर्षं होत आली, पण दुर्गाबाईंच्या बोलण्यातून ते काही गेलं नव्हतं. नीराने नोकरीचं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी पगडीच्या कपाटाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "टिपणिसांची सून लोकांच्या पायाशी बसणार?"

"आई, कंपनी चांगली आहे," उन्मेष म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक होता की तो कुणी ऐकलाच नाही.

दुर्गाबाईंनी नोकरीला नको म्हटलं नाही. घरात काय चाललंय हे त्यांना दिसत होतं, त्या काही आंधळ्या नव्हत्या. पण त्यांनी एक नियम घातला. दिवसभर वहाणांत हात घातलेले, म्हणून घरी आल्यावर आधी आंघोळ, मग स्वयंपाकघर. आणि देव्हाऱ्याला तर हात लावायचाच नाही. शेजारीपाजारी त्यांनी "सून कंपनीत आहे" एवढंच सांगितलं. कुठल्या, असं कुणी विचारलं की त्यांना ऐकू येईनासं व्हायचं.

नीराने नियम पाळला. बारा महिने, डिसेंबरच्या थंडीतसुद्धा, साडेआठला घरी आलं की आधी न्हाणीघर. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगा. पण त्यावर भांडायचं बळ दहा तास उभं राहून उरायचं नाही.

कारण दुकानात बसायला मनाई होती. गिऱ्हाईक आलं की तेवढं त्याच्यापुढे बुटक्या स्टुलावर बसायचं. त्या स्टुलाला पुढे उतरती फळी असते, तिच्यावर गिऱ्हाइकाचा पाय. तेवढीच विश्रांती. त्यामुळे गिऱ्हाईक आलं की नीराला खरोखरच आनंद व्हायचा आणि कंपनीला वाटायचं की हिचा स्वभावच गोड आहे. रविवारी सुट्टी नाही. दर महिन्याचं टार्गेट भिंतीवर लावलेलं. कुणी सतरा जोड काढायला लावून "सासूबेनने पूछीने आवूं" म्हणत निघून जायचं, कुणी पावसाळा अंगावर काढलेला बूट घेऊन नवा बदलून मागायचं. पण मजाही होती. सगळा माल माळ्यावर असायचा आणि छताला चौकोनी भोक होतं. खालून बुटाचा मॉडेल नंबर, रंग आणि माप ओरडायचं, "वसंतभाई, चारसो बार, काळो, सात नंबर!" की वसंतभाई वरून खोकं सोडायचे आणि ते अलगद झेलायचं. पहिल्या आठवड्यात एक खोकं नीराच्या कपाळावर बसलं. सहा महिन्यांत ती गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, वर न बघता, एका हाताने खोकं झेलायला लागली. लोक ते बघायला थांबायचे. तिची मुलगी आभा मैत्रिणींना घेऊन खास तेवढ्यासाठी आली होती.

कामावर घेतल्यावर कंपनीने तिला तीन दिवस अहमदाबादला शिकायला पाठवलं होतं. तिथे दोन गोष्टी शिकवल्या, त्या तिने कायमच्या मनात ठेवल्या. पहिली: गिऱ्हाइकाला नंबर विचारायचा नाही, पाय मोजायचा, दोन्ही पाय मोजायचे. माणूस वय चोरतो तसा पायाचा नंबरही चोरतो, आणि पुष्कळदा त्याला स्वतःलाच ते माहीत नसतं. दुसरी: गिऱ्हाईक सात की आठ अशा घोळात पडलं, तर एका पायात सात चढवायचा, दुसऱ्यात आठ, आणि चालायला लावायचं. पाय स्वतःच सांगतो. नीराने ही युक्ती हजारदा वापरली आणि ती एकदाही फसली नाही.

फसली ती अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत, धनत्रयोदशीच्या संध्याकाळी. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बुटांच्या दुकानात तर हे फारच खरं. एक म्हातारे गृहस्थ कोपऱ्यात बाकावर बसले होते, बरोबर कुणी नाही. नीराने त्यांचा डावा पाय मोजला, सात. उजवा मोजायला घेणार तोच मागून कुणी खांदा हलवला, "बेन, क्यारनी ऊभी छूं!" नीराने उजवा मोजलाच नाही. म्हातारबुवा हळूच म्हणाले, "उजव्याला जरा मोकळा बघा." म्हणून तिने नेहमीप्रमाणे डाव्यात सात चढवला, उजव्यात आठ, आणि म्हणाली, "चालून बघा, काका. कुठला बरा वाटतो?"

ते चार पावलं गेले, परत आले. "दोन्ही बरोबर आहेत," ते म्हणाले. "हेच बांधा."

नीराने पायातून निघालेले ते दोन बूट खोक्यात घातले, चिठ्ठीवर लिहिलं, चारशे बारा, काळा, सात, खाली आपला सेल्स नंबर चार. आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

जानेवारीत मालाची मोजणी झाली. सातचं खोकं शिल्लक नाही आणि आठच्या खोक्यात एक विजोड जोड, डावा आठ, उजवा सात. वसंतभाईंनी तो माळ्यावरून खाली आणला तेव्हा त्यांचा चेहराच उतरला होता. चारशे बाराचा सातचा शेवटचा जोड धनत्रयोदशीला एका चिठ्ठीवर गेला होता, आणि त्या चिठ्ठीवर चार नंबर होता.

एरवी हंबीररावांनी चार शिव्या हासडून विषय मिटवला असता. पण ते साल वाईट होतं. कंपनीने नवी पद्धत आणायची ठरवली होती. फडताळं उघडी, गिऱ्हाइकाने स्वतःच खोकं काढायचं, स्वतःच घालून बघायचं. मग आठ माणसं कशाला, पाच पुरेत. कुणाला काढायचं हे ठरवायला एरिया मॅनेजर अरविंदभाई एकतीस जानेवारीला येणार होते आणि ज्याच्या नावावर चूक त्याचं नाव यादीत सगळ्यात वर, हे सगळ्यांना माहीत होतं.

"गिऱ्हाईक शोधा," हंबीरराव म्हणाले. "तो जोड परत आणा, सरळ करून खोक्यात घाला, आणि मी काही बघितलं नाही. तीन आठवडे आहेत."

"साहेब, रोखीचं बिल. नाव नाही, पत्ता नाही."

"तुम्ही पाय ओळखता ना?"

ही नोकरी गेली तर आभाची अकरावी कशी होणार आणि एप्रिल-मे कसे निघणार, हे नीरा बसमध्ये बसून पुन्हापुन्हा मनात घोळवत राहिली. आणि तिला एक कोडं उलगडत नव्हतं. एक बूट सात, एक आठ, असा जोड घरी नेणारा माणूस तीन महिने गप्प कसा? दुसरा कुणी असता तर त्याने भाऊबिजेच्या आत येऊन दुकान डोक्यावर घेतलं असतं.

त्या माणसाचा चेहरा तिला आठवत नव्हता. आठवत होता तो मोजा. करड्या रंगाचा, आणि टाचेवर रफू केलेला. इतका सुबक रफू की त्या धांदलीतसुद्धा तिची नजर क्षणभर त्यावर थांबली होती.

मग टिपणिसांच्या घरात सगळ्यांच्या माना खाली गेल्या. नीरा बसमध्ये बूट बघायची, उन्मेष बँकेच्या रांगेत बूट बघायचा, आभा क्लासला जाताना बूट बघायची. संक्रांतीला अख्खं बडोदं गच्चीवर जाऊन आकाशाकडे बघत होतं आणि हे तिघं खाली रस्त्यावर बघत होते. चारशे बारा तसा खपाचा बूट, त्यामुळे दिवसाला पाच-सहा तरी दिसायचे. पण पायातला बूट सात की आठ हे कसं कळणार? नंबर असतो आत, टाचेखाली.

"जिथे लोक बूट काढून ठेवतात तिथे बघायला पाहिजे," उन्मेषने शोध लावला. शास्त्राचा माणूस.

असे ते दोघं एका मंगळवारी संध्याकाळी वाडी भागातल्या देवळात पोचले. त्या दिवशी नीराची साप्ताहिक सुट्टी होती आणि देवळात कीर्तन. बाहेर पादत्राणांचा नुसता खच. उन्मेष रस्त्यावर लक्ष ठेवत उभा राहिला, आणि नीरा पदर खोचून खाली बसली. काळा बूट दिसला की उचल, आत डोकाव, ठेव. नऊ, आठ, आठ. चौथ्या बुटात तिने हात घातला तोच मागून कुणीतरी ओरडलं, "ओ बेन! शुं करो छो?"

बघता बघता माणसं जमली. "जोडा चोर छे," एक जण म्हणाला. "साडी तर चांगली नेसलीय," दुसरा म्हणाला. उन्मेष पुढे आला आणि "अहो, आम्ही फक्त नंबर बघतोय" असं म्हणाला. त्याने प्रकरण आणखीच चिघळलं. तेवढ्यात कीर्तन सुटलं आणि देवळाच्या पायऱ्या उतरत बाहेर आल्या त्या दुर्गाबाई. दर मंगळवारी त्या या कीर्तनाला रिक्षाने येतात, हे त्या दोघांच्या डोक्यातून साफ गेलं होतं.

दुर्गाबाईंनी सुनेकडे बघितलं. सुनेच्या हातात परक्या पुरुषाचा बूट होता.

"सोडा तिला," त्या मोठ्याने म्हणाल्या. "ती माझी सून आहे. टिपणिसांची."

लोक बाजूला झाले. रिक्षात तिघंही दाटीवाटीने बसून गोत्रीला आले. घरी आल्यावर दुर्गाबाई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "आता सांग."

नीराने सगळं सांगितलं. धनत्रयोदशी, सात आणि आठ, यादी, एकतीस तारीख. सांगता सांगता तिला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही. दुर्गाबाई ऐकत होत्या. मोज्याचं आलं तेव्हा त्यांनी मान वर केली.

"रफू कसा होता?"

"चांगला होता, आई."

"चांगला म्हणजे कसा? बारीक चौकटी होत्या का? आणि कडेने दुहेरी टाका?"

नीराने डोळे मिटून तो मोजा पुन्हा आठवला. "हो. चौकटी होत्या. सतरंजीसारख्या."

"तो आमच्या शाळेतला रफू," दुर्गाबाई म्हणाल्या. "शिवणाच्या बाई फार कडक होत्या. तो टाका अख्ख्या वर्गात दोघींनाच जमला. एक मी. दुसरी मोहना." मग म्हणाल्या, "ती तीन वर्षांपूर्वी गेली. मी भेटायलासुद्धा गेले नाही. तिचे यजमान आहेत, जयवंतराव. वाडीतच राहतात, देवळामागच्या गल्लीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत सासू-सुना जयवंतरावांच्या दारात उभ्या होत्या. दार त्यांनीच उघडलं. नीराने सवयीने खाली बघितलं. अनवाणी पाय. डावा सरळ, सडपातळ. उजवा पसरट, बोटं एका बाजूला गेलेली, चांगला एका नंबराने मोठा. आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

जयवंतरावांनी तिला ओळखलं आणि ते चपापले. आत बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः उभेच राहिले. "बाई, मी कुणाला सांगितलं नाही हो," ते म्हणाले. "अगदी शेजाऱ्यालासुद्धा नाही. तुमच्यावर काही आलं का?"

"काय सांगितलं नाही, काका?"

"तुम्ही जे केलंत ते." त्यांनी उजवा पाय मागे घेतला. "मी पागेत नोकरीला होतो. विसाव्या वर्षी या पायावर घोड्याचा पाय पडला. तेव्हापासून आठचा जोड घेतो आणि डाव्यात कापूस कोंबतो. चोपन्न वर्षं. दुकानात उजवा पाय पुढे करायची लाज वाटते, लोक नाक मुरडतात. तुम्ही काही न विचारता पाय हातात घेतलात. मोकळा बघा म्हटलं, तर चारचौघांत काही बोलला नाहीत, गुपचूप एक सात दिलात, एक आठ. घरी येऊन नंबर बघितला तेव्हा मला कळलं. मी म्हटलं, या बाईने कंपनीचा नियम मोडून माझी अब्रू राखली. आता मी बोभाटा केला तर तिची नोकरी जायची. म्हणून गप्प बसलो."

नीराला हसावं की रडावं ते कळेना. हा माणूस तिची नोकरी जाऊ नये म्हणून तीन महिने गप्प बसला होता, आणि त्याच्या गप्प बसण्यानेच तिची नोकरी चालली होती! शेजारी दुर्गाबाई बसल्या होत्या आणि जयवंतराव त्यांना म्हणत होते, "दुर्गाबाई, तुमच्या सुनेचा हात फार हलका आहे. मोहना गेल्यावर माझ्या पायाला कुणी हात लावला नव्हता. रफू आता माझा मीच करतो, तिने शिकवलेला. पण हे बूट घालून मी कमाटीबागेत जाऊन आलो. चालत."

नीराला गप्प बसता आलं असतं. एवढं चांगलं कुणी तिच्याबद्दल कधी बोललं नव्हतं, तेही सासूसमोर. पण तिला ते सोसेना.

"काका, मी मुद्दाम नाही केलं," ती म्हणाली. "चुकले मी. तुमचा उजवा पाय मी मोजलाच नाही. गर्दी होती, घाईत जे बूट हाताला लागले ते बांधले. बाकी काही नाही." आणि यादी, एकतीस तारीख, जोड परत आणायला सांगितलंय, हेही तिने सांगून टाकलं.

मग म्हातारबुवा खाली बसले आणि असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला. "म्हणजे चोपन्न वर्षांत एकच बूट बरोबर बसला, तोही चुकून!" ते म्हणाले. "पण हे बघा, मी तो परत देणार नाही. काही झालं तरी नाही."

नीराने मान खाली घातली. परत घ्यायचं तिच्याही जिवावर आलं होतं. त्या पायांतून ते बूट काढून न्यायचे आणि पुन्हा कापूस कोंबायला लावायचा, हे तिच्या हातून झालंच नसतं. "नका देऊ," ती म्हणाली. "बघू काय होतं ते."

"तुमच्याकडे काय उरलंय?" जयवंतरावांनी विचारलं.

"डावा आठ, उजवा सात."

"एकतीस तारखेला म्हणालात ना?" ते म्हणाले. "ठीक आहे."

एकतीसला रविवार होता. अरविंदभाई सकाळपासून शाखेत बसले होते. नीट भांग, खिशाला दोन पेनं, माणूस वाईट नव्हता पण यादी त्यांच्या हातात होती. नीरासमोर तो विजोड जोड टेबलावर ठेवलेला. "नीराबेन, आवी भूल तमाराथी?" ते म्हणाले. त्यांनाही ते आवडत नव्हतं हे दिसत होतं.

तेवढ्यात काचेचं दार उघडलं आणि जयवंतराव आत आले. इस्त्रीचा शर्ट, पायात चारशे बारा, डावा सात, उजवा आठ. त्यांच्यामागे, हातात छत्री घेऊन, दुर्गाबाई. गेल्या तीन वर्षांत त्यांनी या दुकानाची पायरी चढली नव्हती. त्या बाकाच्या अगदी टोकाला बसल्या.

जयवंतराव थेट टेबलाशी गेले आणि त्या जोडावर बोट ठेवलं. "आ आपो. चारसो बार, काळो, आठ नंबर."

अरविंदभाईंनी बूट उलटसुलट करून बघितले. "काका, आ तो ऊंधो जोड छे. डाबो आठ ने जमणो सात. तमने नहीं थाय."

"मने खबर छे. बांधी आपो."

हंबीररावांच्या मिशा प्रथम हलल्या. त्यांनी चिठ्ठ्यांचं पुस्तक ओढलं आणि लिहिलं: चारशे बारा, काळा, आठ, एक जोड. अरविंदभाईंनी मोजणीचा कागद काढला, दिवाळीची चिठ्ठी काढली, आजची शेजारी ठेवली. सातचा एक जोड गेला. आठचा एक जोड गेला. खोकी दोन, चिठ्ठ्या दोन, बूट चार, आणि चारही एकाच गिऱ्हाइकाकडे. कुठे काही चुकलेलंच नव्हतं. मग अरविंदभाईंनी जयवंतरावांच्या पायांकडे बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं.

"नीराबेन," ते कागदाची घडी घालत म्हणाले, "बन्ने पग मापवाना. हंमेशा."

"हो, साहेब," नीरा म्हणाली.

"अने हंबीरराव, पाच माणसांत एक तरी माप घेणारं जोईए. काकांसारखे लोक स्वतः खोकं कसं काढतील?" आणि त्यांनी यादीतल्या पहिल्या नावावर काट मारली.

नीराला एकदम इतकं हायसं वाटलं की मनाई असूनही ती रिकाम्या स्टुलावर बसली. माळ्याच्या भोकातून वसंतभाईंचं डोकं उलटं खाली आलं होतं आणि ते सगळे दात दाखवत हसत होते. जयवंतराव खोकं काखेत मारून निघाले. त्या उलट्या जोडाचं काय करणार असं तिने विचारलं, तर म्हणाले, "कपाटात ठेवतो. पुढच्या दिवाळीला परत दोन जोड घेणार आहे, आताच सांगून ठेवतो."

दुर्गाबाई मात्र उठल्या नाहीत. दुकान रिकामं व्हायची वाट बघत त्या बसून राहिल्या. मग त्यांनी पिशवीतून एक जुना पिवळा कागद काढला. नीराने तो लगेच ओळखला. लग्न झालं तेव्हा दुर्गाबाईंच्या सासूबाईंनी त्यांचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने काढला होता. टिपणिसांच्या घरातली बाई दुकानात जाऊन परक्याच्या हातात पाय देत नाही, कागद जातो. तेव्हापासून तोच कागद दुकानात जायचा आणि पाच नंबरच्या चपला घरी यायच्या.

"यावर बघतेस का?" त्यांनी विचारलं.

"आई, कागदावर नाही कळत," नीरा हळूच म्हणाली. "मोजायला लागतो."

दुर्गाबाईंनी कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. मग त्यांनी चप्पल काढली, लुगडं किंचित वर धरलं आणि पाय उतरत्या फळीवर ठेवला. नीरा सासूच्या पायाशी बसली. कडेचं बोट आत दबलेलं, टाचेवर जुना घट्टा, अंगठ्याशी लाल झालेलं. अठरा वर्षं ती दर सणाला या पायांवर डोकं ठेवत आली होती आणि तिने ते कधी बघितले नव्हते. तिने दोन्ही पाय मोजले. मग खात्री करायला पुन्हा मोजले.

"किती?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"साडेसहा."

"पन्नास वर्षं पाच घालतेय मी."

"चावत नव्हत्या का हो आई?"

"चावायच्याच," दुर्गाबाई म्हणाल्या. "मला वाटायचं, चपला असतातच अशा."

नीराच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून तिने मान वर करून हाक दिली, "वसंतभाई, लेडीज दोनसो त्रीस, ब्राउन, साडा छ!" खोकं आलं, तिने ते झेललं. दुर्गाबाईंनी ते बघितलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. तिने चपला चढवल्या. दुर्गाबाई उठल्या, आरशापर्यंत गेल्या, परत आल्या. पुन्हा गेल्या. जुन्या चपलांकडे त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. नव्या पायात घालूनच त्या दारापर्यंत पोचल्या, आणि तिथे थांबल्या.

"नीरा."

"काय, आई?"

"आज घरी आलीस की आंघोळीचं राहू दे. पाय दुखत असतील. हात धू आणि देवाला दिवा लाव. मी पानं घेऊन ठेवते."